सातारच्या गच्चीवरून श्वेत बटूंच्या जोड्यांकडे

सातारला एम.एस्सी. करताना प्रकल्पासाठी मी शौरी तारकासमूहातील एएम हर्क्युलिस हा जोडतारा घेतला होता. या विषयाकडे वळणाऱ्यांना माझ्या दोन-तीन चुका टाळता याव्यात, म्हणून हे लिहीत आहे.

या जोडीतील श्वेत बटूचे (इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या घट्ट गाभ्याचे) चुंबकीय क्षेत्र कोट्यवधी गॉसचे असल्यामुळे सोबतच्या लाल ताऱ्याकडून येणाऱ्या वायूची त्याच्याभोवती फिरणारी तबकडी तयारच होत नाही. तो क्षेत्ररेषांवरून थेट ध्रुवाकडे कोसळतो आणि तिथल्या आघातात तापून क्ष-किरण फेकतो. वायू साठवून ठेवणारी तबकडी मध्ये नसल्याने लाल ताऱ्याचा पुरवठा घटला की दृश्य प्रकाश आणि क्ष-किरण दोन्ही ओसरतात, आणि तेराव्या प्रतीच्या आसपासचा तारा पंधराव्या प्रतीपर्यंत (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) उतरून कधी कधी महिनोन्महिने तिथेच राहतो. पुरवठा का घटतो, याचे एक स्पष्टीकरण लाल ताऱ्यावरील चुंबकीय डागांमध्ये शोधले जाते.

जुन्या नोंदींसाठी १९११ साली स्थापन झालेल्या अमेरिकन रूपविकारी तारे निरीक्षक संघटनेचा संग्रह सर्वांना खुला आहे. त्यात काही आकड्यांआधी ‘<’ असे चिन्ह असते, ‘<१४.०’ म्हणजे तारा चौदाव्या प्रतीपर्यंत दिसला नाही, एवढेच. मी ते चिन्ह गाळून आलेख काढला आणि तारा मंदावलेला असतानाचे कित्येक महिने मला चौदाव्या प्रतीचे दिसले. मार्गदर्शक सरांनी मूळ फाइल उघडायला लावली, तेव्हा ते ध्यानात आले.

शौरी मध्यरात्री सर्वांत उंच असतो तो जून-जुलैत, नेमका अजिंक्यतारा किल्ला ढगांत बुडालेला असतो तेव्हा. माझ्या स्वतःच्या निरीक्षणांत दरवर्षी पडलेल्या या खिंडारामुळे आवर्तन शोधणाऱ्या प्रोग्रॅमने एका वर्षाचा खोटा काळ दाखवला. इतर देशांतील निरीक्षकांच्या नोंदी जोडल्यावरच तो नाहीसा झाला.

वेळेच्या बाबतीत तर फार जपावे लागते. कुंभ राशीतील एफओ ॲक्वारी या जोडीतला श्वेत बटू सुमारे २१ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. ही जोडी क्रांतिवृत्ताजवळ, म्हणजे सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गाजवळ, असल्यामुळे पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या भ्रमणामुळे तिचा प्रकाश वर्षभरात कधी आठ मिनिटे लवकर, कधी आठ मिनिटे उशिरा पोहोचतो. ही दुरुस्ती राहिली तर दोन ऋतूंतील वेळांत जवळजवळ एका फेरीचा घोळ होतो.

क्ष-किरणांसाठी २०१५ साली सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाची माहिती इस्रोच्या संग्रहातून घेता येते. हा उपग्रह सुमारे ९८ मिनिटांत पृथ्वीभोवती फिरतो आणि दर फेरीत तारा पृथ्वीआड जाऊ शकतो, म्हणून आलेखात ९८ मिनिटांचा काळ दिसला तर आधी उपग्रहाची फेरी तपासावी. क्ष-किरण निरीक्षण मोजक्या तासांचे असते. त्या आठवड्यात तारा तेजस्वी होता की मंद, हे दृश्य प्रकाशाच्या नोंदींतून पाहून फाइलच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवावे.