फोनमधील खासगी नोंदींना कुलूप लावताना

आपल्या घरांमध्ये फोनचा पॅटर्न फार दिवस गुपित राहत नाही. मुलाला खेळायचे असते, आईला भावाच्या लग्नाचे फोटो पाहायचे असतात, आणि काही आठवड्यांत तो पॅटर्न घरातील प्रत्येकाच्या बोटांना पाठ होतो. यात वावगे काही नाही. मात्र त्याच फोनमध्ये डॉक्टरांनी सांगितलेले निदान, कुणाला दिलेले हातउसने पैसे किंवा कुणालाही न सांगितलेले मनातील काही लिहिलेले असेल, तर स्क्रीन लॉक त्या नोंदींचे रक्षण करू शकत नाही. म्हणून नोंदीचा पासवर्ड फोन उघडण्याच्या पिनपेक्षा वेगळा असावा, हे मी या विषयात सर्वांत महत्त्वाचे मानतो.

आयफोनमधील नोट्स अ‍ॅपमध्ये ही सोय 2016 पासून आहे. नोंद उघडून वरच्या तीन टिंबांच्या बटणाला स्पर्श केला की ‘लॉक’ हा पर्याय दिसतो. 2022 मध्ये आलेल्या आयओएस 16 या आयफोनच्या प्रणालीपासून येथे दोन मार्ग मिळतात: फोनचाच पासकोड वापरणे किंवा स्वतंत्र पासवर्ड ठरवणे. पहिला मार्ग सोयीचा आहे, पण घरच्यांना पासकोड माहीत असेल तर त्याचा उपयोग नाही. अशा वेळी सेटिंग्जमध्ये नोट्सच्या पासवर्डच्या भागात जाऊन स्वतंत्र पासवर्डच निवडावा. लॉक केलेल्या नोंदीचे शीर्षक यादीत दिसतच राहते, आणि पहिली ओळ हेच शीर्षक असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘कर्जाचा हिशोब’ असे पहिल्या ओळीत लिहून खाली कुलूप लावले, तर निम्मी गोष्ट बाहेरच राहिली. तेथे ‘किराणा’ किंवा ‘गॅस नंबर’ असे साधे काही लिहावे. शिवाय एक लॉक केलेली नोंद उघडली की त्याच खात्यातील बाकीच्या लॉक केलेल्या नोंदीही उघडतात, म्हणून काम झाल्यावर कुलपाच्या चिन्हाला स्पर्श करून त्या पुन्हा बंद कराव्यात. जीमेल खात्याशी जोडलेल्या नोंदींना मात्र येथे कुलूप लावता येत नाही. त्या आधी आयक्लाउडमध्ये किंवा फोनवरील फोल्डरमध्ये हलवाव्या लागतात.

सॅमसंगच्या फोनमध्ये सॅमसंग नोट्स हे अ‍ॅप नोंदीला वेगळे कुलूप लावू देते. गूगल कीपमध्ये एकेका नोंदीला पासवर्ड देण्याची सोय नाही. काही जण त्यासाठी फोनमधील ‘अ‍ॅप लॉक’ वापरतात, परंतु त्याने फोनवरील त्या अ‍ॅपचे दार तेवढे बंद होते. आमच्या नाशिकमधील सीबीएस बसस्थानकाजवळच्या एखाद्या सायबर कॅफेत प्रवेशपत्र छापताना आपले गूगल खाते उघडेच राहिले, तर पुढच्या माणसाला तेथील ब्राउझरमध्ये कीपच्या सर्व नोंदी वाचता येतात. कीपच वापरायचे असेल, तर सॅमसंगच्या ‘सिक्युअर फोल्डर’मध्ये किंवा 2024 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 15 मधील ‘प्रायव्हेट स्पेस’मध्ये, म्हणजे फोनमधल्या वेगळे कुलूप असलेल्या कप्प्यात, ते वेगळे बसवावे. तेथे गूगल खातेही वेगळे असू द्यावे, कारण खाते तेच ठेवल्यास आत लिहिलेली नोंद बाहेरच्या कीपमध्येही येऊन बसते.

पासवर्ड ठरवताना आपण सारे एकाच वाटेने जातो: मुलाचा जन्मदिनांक, एमएच-15 च्या पुढचा गाडीचा क्रमांक, नाहीतर 422 ने सुरू होणारा पत्त्याचा पिनकोड. आपल्याला ओळखणारा माणूस नेमके हेच आधी करून पाहतो, आणि खासगी नोंदींना खरा धोका बहुधा ओळखीच्या माणसाचाच असतो. चार अंकांच्या पिनच्या 10,000 शक्यता असतात, सहा अंकांच्या 10,00,000. त्याहून चांगले म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिणे. ते लक्षात राहतात आणि तर्काने सापडत नाहीत.

कुलूप लावण्यापूर्वीच्या प्रती शोधणेही तितकेच आवश्यक आहे. नोंदीचा स्क्रीनशॉट गॅलरीत असू शकतो, ती कधीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेली असू शकते, आणि पुसलेली नोंद आयफोनमध्ये सुमारे 30 दिवस, तर कीपच्या कचरापेटीत 7 दिवस राहते. दुरुस्तीसाठी फोन देताना दुकानदार पॅटर्न मागतो, आणि आपण तो बिलाच्या मागे लिहूनही देतो. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ असतो. तो सुरू करून फोन दिल्यास कारागिराला तपासणी करता येते, पण आपले फोटो, संदेश आणि नोंदी दिसत नाहीत. यूपीआयचा पिन आणि एटीएमचा पिन मात्र कुलूप असलेल्या नोंदीतही लिहू नयेत.

आता विसरण्याबद्दल. निफाडला माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. त्यांनी एका नोंदीत उसनवारीचा हिशोब लिहिला आणि त्याच नोंदीत खाली गोडी छाटणीपासूनच्या, म्हणजे फळ धरण्यासाठी केलेल्या छाटणीपासूनच्या, सगळ्या फवारण्या तारखेनिशी टिपल्या. वर्षभर ते ती नोंद बोटाच्या ठशाने उघडत होते. नवा फोन घेतल्यावर अ‍ॅपने पासवर्ड मागितला आणि तो त्यांना आठवेना. ऐन निर्यातीच्या वेळी फवारणीची नोंद हवी होती. ती औषधांच्या दुकानातील बिलांवरून दोन रात्री बसून पुन्हा लिहावी लागली, आणि उसनवारीचा हिशोब गेला तो गेलाच. आयफोनमध्येही स्वतंत्र पासवर्ड विसरल्यास अ‍ॅपल तो परत मिळवून देऊ शकत नाही. नवा पासवर्ड ठरवता येतो, पण तो पुढच्या नोंदींना लागू होतो, जुन्या बंदच राहतात.

त्यामुळे ज्याला लपवायचे कारण नाही ते कुलपात ठेवू नये, फवारणीची वही उघडीच असावी. पासवर्ड एका कागदावर लिहून घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवावा, मात्र तो कशाचा आहे हे त्यावर लिहू नये. आणि बोटाचा ठसा वापरत असलो, तरी महिन्यातून एकदा पासवर्ड हाताने टाइप करून नोंद उघडून पाहावी.