टेड लावल्यावर कोळंबी निसटते? माझा अनुभव

कासव सुटावं म्हणून ट्रॉल जाळ्यात (बोटीमागे ओढायच्या पिशवीसारख्या जाळ्यात) टेडची (टर्टल एक्स्क्लूडर डिव्हाइस, कासवाला बाहेर काढणारं साधन) सळ्यांची चौकट बसवली, तर कासवाआधी कोळंबीच वरच्या झडपेतून पसार! झडपेला जड जाळी लावून पाहिली, ओढ कमी केली, उपयोग शून्य. तांडेल (बोटीचा प्रमुख) म्हणाला, काढून फेका. वैताग आला.

गोम चौकटीच्या कोनात होती. वापरून जाळं ताणतं, चौकट मागे कलंडते आणि पाणी माल घेऊन झडपेकडे वळतं. फार उभी असेल तर सळ्यांवर कचरा अडकतो, कासवही वर सरकत नाही. कोन ४५ अंशांच्या आसपास हवा.

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या धक्क्यावर ओलं जाळं कप्पीला टांगलं. तोंड वर, पिशवी खाली. फोनमधला कोनमापक चौकटीला टेकवला. मग चौकटीच्या झडपेकडच्या कडेची शिवण उसवून ती कड थोडे आस (जाळ्याची भोकं) जाळ्याच्या तोंडाकडे घेतली. दुसरी कड हलवली नाही. पुन्हा टांगून मोजलं, ४५ आल्यावरच पक्कं शिवलं. शेवटी चौकट तळाला घासू नये म्हणून दोन्ही बाजूंना फ्लोट बांधले.

जाळं नवं असेल तर कोन लवकर बदलतो, म्हणून अधूनमधून मोजा. वेळास, आंजर्ल्याकडे कासवं नोव्हेंबरपासून अंडी घालायला येतात. त्याआधी एकदा नक्कीच.