वचनदत्त भूमीचा अभ्यास कसा करावा आणि कसा घ्यावा

बायबल अभ्यासवर्गात वचनदत्त भूमीचा, म्हणजे देवाने अब्राहामाच्या वंशाला देण्याचे वचन दिलेल्या कनान देशाचा, विषय निघाला की चर्चा बहुधा दोनपैकी एका वाटेने जाते. देवाने अब्राहामाला दिलेला शब्द अक्षरशः खरा आहे, त्यात अर्थ लावत बसण्याचे कारण नाही, असे काही जण म्हणतात. कनान म्हणजे स्वर्ग, त्यामुळे नकाशातल्या भूमीशी ख्रिस्ती माणसाला कर्तव्य नाही, असे इतरांचे म्हणणे असते. दोन्ही मतांना वचनांचा आधार दाखवता येतो आणि दोन्ही मते मंडळीच्या, म्हणजे ख्रिस्ती चर्चच्या, इतिहासात खोलवर रुजलेली आहेत. म्हणूनच मत आधी ठरवून मग वचने शोधण्याची पद्धत या विषयात विशेष घातक ठरते. चार-पाच बैठकांत हा विषय नीट हाताळता यावा, यासाठी वर्ग घेणाऱ्याने काय वाचावे, कोणत्या क्रमाने वाचावे आणि कुठे थांबावे, एवढेच येथे मांडले आहे. साहित्य फार लागत नाही. पवित्र शास्त्राची दोन वेगवेगळी भाषांतरे, प्राचीन कनानचा एक नकाशा आणि प्रत्येकाची वही पुरेशी आहे.

पहिली बैठक: वचन आणि कबर

उत्पत्तीचे अध्याय १२, १३, १५ आणि १७ एकाच बैठकीत वाचावेत आणि प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी वहीत नोंदवाव्यात: वचन कोणाला दिले, भूमी किती सांगितली, अट कोणती घातली आणि हेतू कोणता. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि तोच १२:३ मध्ये ठळकपणे आला आहे: अब्राहामाच्या द्वारे पृथ्वीवरील सर्व कुळांना आशीर्वाद मिळायचा आहे. भूमीचे वचन त्यानंतर येते. पुढे १२:६ मध्ये त्या काळी देशात कनानी लोक राहत होते, हे शास्त्र स्वतःच नोंदवते. म्हणजे भूमी रिकामी होती असा आव पहिल्या पानापासून कुठेच आणलेला नाही. सीमांकडेही लक्ष द्यावे. उत्पत्ती १५:१८ मध्ये हद्द मिसरच्या नदीपासून फरात नदीपर्यंत आहे, तर गणना ३४ मध्ये पूर्वेची हद्द यार्देन नदी आणि क्षारसमुद्र (मृत समुद्र) इथेच संपते. नकाशावर दोन्ही रेषा पेन्सिलीने काढून घेतल्या, की ‘शास्त्रात सीमा स्पष्ट दिली आहे’ हे विधान किती जपून करावे लागते, ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर उत्पत्ती २३ मोठ्याने वाचून घ्यावा, आणि घाई करू नये. ज्या भूमीचे वचन मिळाले, तिच्यात अब्राहामाची स्वतःची म्हणता येईल अशी पहिली जागा म्हणजे कबर. सारा वारल्यावर तो हेब्रोनात हित्ती लोकांपुढे उभा राहतो, मी तुमच्यात उपरा व परका आहे असे सांगतो आणि तिला पुरण्यासाठी जागा मागतो. वेशीत जमलेल्या लोकांसमोर एफ्रोन आधी शेत तसेच देऊ करतो, मग बोलता बोलता चारशे शेकेल (वजनाचे जुने माप) रुप्याचा आकडा काढतो आणि आपल्यासारख्यांत एवढ्याचे ते काय, असेही म्हणतो. अब्राहाम घासाघीस न करता व्यापाऱ्यांत चालणाऱ्या वजनाने रुपे तोलून देतो. पुढे शेत, त्यातली मकपेलाची गुहा आणि हद्दीतली सगळी झाडे यांची नोंद अशी येते, की आपण खरेदीखतच वाचत आहोत असे वाटावे. वचनाचा पहिला धनी साक्षीदारांदेखत पूर्ण किंमत मोजतो, ही गोष्ट माझ्या मते या संपूर्ण विषयाचा पाया आहे. हा अध्याय गाळून थेट, मोशेनंतर इस्राएलाला कनानात नेणाऱ्या यहोशवाच्या लढायांकडे जाणारा अभ्यास सुरुवातीलाच एकांगी होतो.

जमीन कोणाची?

दुसऱ्या बैठकीचा आधार लेवीय २५:२३ हे एकच वचन ठेवावे. जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे आणि तुम्ही माझ्याजवळ उपरे आणि परदेशी आहात, असे परमेश्वर इस्राएलाला तिथे सांगतो. पन्नासाव्या म्हणजे योबेल वर्षी विकलेली शेते मूळ कुळांकडे परत जावीत, हा नियम याच मालकीतून निघतो. याच्या जोडीला लेवीय १८:२४–२८ वाचावे. भूमीने आधीच्या रहिवाशांना जसे ओकून टाकले तसे ती तुम्हालाही ओकून टाकील, असा इशारा तिथे आहे. मग १ राजे २१ मधील नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट घ्यावी. पूर्वजांचे वतन विकायला नकार देणाऱ्या शेतकऱ्याचा राजाने, म्हणजे त्याच वचनाच्या वारसाने, जीव जाऊ दिला, आणि एलीया संदेष्टा ज्याच्यापुढे येऊन उभा राहतो तो कोणी परका शत्रू नसून इस्राएलचाच राजा आहे.

यहोशवाच्या पुस्तकातील युद्धांचे अध्याय टाळू नयेत. ते टाळले तर वर्गातील प्रामाणिक माणसाच्या मनातला सर्वांत अवघड प्रश्न तसाच राहतो. मात्र ते वाचताना दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्यात: यहोशवा २१:४३–४५ मध्ये परमेश्वराने सगळा देश दिला असे म्हटले आहे, तर १३:१ मध्ये अजून पुष्कळ देश ताब्यात यायचा आहे असे म्हटले आहे. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती विद्वान ओरिगेनाने या लढाया म्हणजे आत्म्याने स्वतःतल्या दुर्गुणांशी केलेली झुंज, असा अर्थ लावला. हा अर्थ भक्तीसाठी उपयोगी आहे; पण मूळ कथेत मारल्या गेलेल्या माणसांचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे वर्गात स्पष्ट सांगावे आणि तो प्रश्न ओढूनताणून मिटवू नये.

संदेष्ट्यांपैकी निदान दोन उतारे हवेतच. इ.स.पूर्व ५८६ मध्ये यरुशलेम पडण्याच्या आधी, शहराला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला असताना, स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असलेला यिर्मया अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुपे देऊन विकत घेतो. खतावर साक्षीदारांच्या सह्या होतात, एक प्रत मोहरबंद आणि एक उघडी ठेवली जाते आणि दोन्ही पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात घालायला त्याचा लेखक बारूख याला सांगितले जाते (यिर्मया ३२). परत येण्याची आशा इथे व्यवहाराच्या कागदावर उतरली आहे; तिला केवळ ‘आध्यात्मिक’ म्हणून बाजूला सारणे कठीण आहे. दुसरा उतारा यहेज्केल ४७:२२–२३. बंदिवासानंतरच्या वाटणीत, इस्राएलात राहून ज्यांना मुलेबाळे झाली त्या परदेशीयांनाही देशातल्या लोकांप्रमाणेच वतन द्यावे, असे तिथे सांगितले आहे. भूमीविषयी बोलणाऱ्या लोकांच्या तोंडी हे वचन जेवढे यायला हवे तेवढे येत नाही.

नवा करार काय म्हणतो

नव्या करारात भूमीविषयी थेट बोलणे कमी आहे, आणि या मौनाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावला जातो. वचन मोडीत निघाले म्हणून उल्लेख नाही, असे एक पक्ष म्हणतो. ते गृहीतच होते म्हणून पुन्हा सांगितले नाही, असे दुसरा म्हणतो. त्यामुळे जे लिहिले आहे त्यावर भर द्यावा. स्तोत्र ३७ मध्ये लीनांना मिळणारे वतन येशू मत्तय ५:५ मध्ये सौम्य जनांना देतो. रोमकरांस पत्र ४:१३ मध्ये पौल अब्राहामाला जगाचा वारस म्हणतो, म्हणजे त्याच्या दृष्टीने हद्द कनानपुरती राहिलेली नाही. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात, यहोशवाने खरा विसावा दिला असता तर देव पुढे दुसऱ्या दिवसाविषयी बोलला नसता, असा युक्तिवाद आहे, आणि अकराव्या अध्यायात तंबूत राहणारा अब्राहाम अधिक चांगल्या, म्हणजे स्वर्गीय, देशाची वाट पाहतो. दुसऱ्या बाजूला रोमकरांस ११:२९ मध्ये देवाची कृपादाने आणि पाचारण मागे घेतली जात नाहीत असे लिहिले आहे, तेही इस्राएलाविषयी बोलताना. प्रेषितांची कृत्ये १:६–८ मध्ये, इस्राएलाचे राज्य याच काळात परत देणार का, या प्रश्नावर येशू ‘नाही’ म्हणत नाही. काळ जाणणे तुमच्याकडे नाही असे सांगून तो शिष्यांना पृथ्वीच्या शेवटापर्यंत साक्षीला पाठवतो.

या सर्व वचनांना सारखाच न्याय देणारी मांडणी सोपी नाही. माझे मत असे, की नव्या करारात वचनाचा विस्तार होतो, ते रद्द होत नाही. पण रोमकरांस ९ ते ११ हे अध्याय एका दमात वाचल्याशिवाय वर्गाने हे किंवा याच्या उलट मत स्वीकारू नये.

मंडळीने हे कसे वाचले

इतिहासाची बैठक धावती ठेवली तरी चालते, मात्र मतभेद फार जुना आहे हे त्यातून दिसले पाहिजे. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टरला पुन्हा बांधलेल्या यरुशलेमेत ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याची आशा होती, तरीही पुष्कळ खऱ्या व भक्तिमान ख्रिस्ती लोकांचे मत निराळे आहे हे त्याने नमूद केले. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात यरुशलेमेत पवित्र कबरेचे चर्च उभे राहिले आणि ३३५ मध्ये त्याचे समर्पण झाले. त्यानंतर यात्रेकरूंचा ओघ वाढला. देवाने देह धारण केला म्हणून त्याचे पाय जिथे लागले ती माती पूज्य, ही भावना ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक परंपरेत आजही जिवंत आहे. पण त्याच चौथ्या शतकात नीसाच्या ग्रेगरीने जागा बदलल्याने देव जवळ येत नाही असे बजावले, आणि बेथलेहेमात राहायला गेलेल्या जेरोमनेही स्वर्गाचे दार यरुशलेमेतून आणि ब्रिटनमधून सारखेच उघडे आहे असे लिहिले. पवित्र भूमी ‘सोडवण्याची’, म्हणजे पहिल्या क्रुसेडची (धर्मयुद्धाची), हाक १०९५ मध्ये दिली गेली आणि १०९९ मध्ये यरुशलेमेत मुसलमान व यहुदी रहिवाशांची कत्तल झाली. हे वर्गात सांगताना शब्द मऊ करू नयेत.

आज ऐकू येणाऱ्या मतांपैकी एकाचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. जॉन नेल्सन डार्बी यांनी इस्राएल आणि मंडळी यांच्यासाठी देवाच्या दोन वेगळ्या योजना मांडल्या, १९०९ च्या स्कोफील्ड संदर्भ बायबलने ती मांडणी घराघरांत नेली, आणि १९४८ मधील इस्राएल राष्ट्राची स्थापना व १९६७ चे अरब-इस्राएल युद्ध यांकडे अनेक इव्हँजेलिकल (प्रॉटेस्टंटांतील एक प्रवाह) विश्वासी भविष्यवाणीची पूर्तता म्हणून पाहू लागले. सुधारणावादी (रिफॉर्म्ड) परंपरेतील अनेक जण मात्र सर्व वचने ख्रिस्तात पूर्ण झाली असे मानतात. कॅथलिक चर्चने १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात, यहुदी लोकांना देवाने टाकलेले किंवा शापित म्हणू नये असे ठरवले. १९८५ च्या मार्गदर्शक टिपणांत यहुद्यांचे भूमीशी असलेले धार्मिक नाते समजून घेण्यास सांगितले, मात्र इस्राएल राष्ट्राकडे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या सामान्य तत्त्वांनुसार पाहावे असेही म्हटले. पॅलेस्टिनी ख्रिस्ती नेत्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘कैरोस पॅलेस्टाइन’ या निवेदनात, शास्त्राच्या आधाराने आपल्या हक्कांवर गदा आणणाऱ्या धर्मशास्त्राला विरोध केला. ते याच भूमीवरचे, पिढ्यानपिढ्यांचे ख्रिस्ती आहेत. त्यांचा आवाज वगळून हा अभ्यास पूर्ण होत नाही.

ही मते मांडण्याची जबाबदारी वाटून द्यावी, आणि ज्याला जे मत पटत नाही तेच त्याच्याकडे सोपवावे. त्या मताचा माणूस समोर बसला असता तर ‘होय, आम्ही हेच म्हणतो’ असे म्हणाला असता, इतक्या प्रामाणिकपणे ते मांडायचे. मग प्रत्येक मताला तेच प्रश्न विचारावेत: रोमकरांस ११:२९ चे तुम्ही काय करता, लेवीय २५:२३ चे काय, यहेज्केल ४७ मधल्या परदेशीयाचे काय? वचन यहुद्यांकडून काढून मंडळीला दिले गेले असे सरसकट शिकवण्यातून शतकानुशतके यहुदीद्वेष पोसला गेला. आणि वचनाचा आधार घेऊन दुसऱ्याचे घर बळकावण्याचेही प्रकार झाले. अमेरिकेतील न्यू इंग्लंडमधल्या काही प्युरिटन (कडव्या प्रॉटेस्टंट) वसाहतकऱ्यांनी स्वतःला इस्राएल मानले आणि तिथल्या मूळ रहिवाशांना कनानी ठरवले. त्याच खंडात गुलामीत जखडलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी यार्देनपलीकडचा काठ म्हणजे सुटका, असे गायले. आणि ३ एप्रिल १९६८ रोजी, हत्येच्या आदल्या रात्री, मेम्फिस येथे मार्टिन ल्यूथर किंग यांनी डोंगरावरून वचनदत्त भूमी पाहिलेल्या मोशेची (‘अनुवाद’ या पुस्तकाचा अध्याय ३४) जागा घेऊन भाषण केले. कथा वाचताना आपण तिच्यात कोणाच्या जागी उभे राहतो, यावर वर्गाने पुरेसा वेळ द्यावा.

चालू संघर्षाचा विषय निघणारच, म्हणून त्यासाठी वेगळी वेळ राखून ठेवावी. तेव्हा तीन प्रश्न फळ्यावर वेगवेगळे लिहावेत: शास्त्राने काय वचन दिले आहे, राष्ट्रांचे व माणसांचे कायदेशीर हक्क कोणते आहेत, आणि आज जे मारले जात आहेत किंवा बेघर होत आहेत त्यांच्याविषयी आपले कर्तव्य काय. पहिल्याचे उत्तर तिसऱ्यावर लादू देऊ नये. कोणी फक्त एकाच बाजूच्या मृतांचा उल्लेख केला, तर वर्ग घेणाऱ्याने दुसऱ्या बाजूच्या मृतांचाही उल्लेख स्वतःहून करावा.

वेळ उरल्यास अनुवाद १५:४ आणि प्रेषितांची कृत्ये ४:३४–३७ एकत्र वाचावेत. पहिल्यात, परमेश्वर वतन म्हणून देणाऱ्या देशात तुमच्यापैकी कोणी दरिद्री असणार नाही, असे म्हटले आहे. दुसऱ्यात यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत कोणालाही उणे नव्हते, आणि कुप्रातला बर्णबा नावाचा लेवी आपले शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवतो. प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकाने हे लिहिताना अनुवादाचे वचन डोळ्यांपुढे ठेवले होते असे मला वाटते. तसे असेल तर भूमीच्या वचनाची पूर्तता त्याला कुठे दिसली, आणि जमीनजुमला असलेल्या आजच्या मंडळ्यांनी त्यातून काय करायचे, हा प्रश्न योबेल वर्षाच्या पुढच्या अभ्यासासाठी घेता येईल.