एन्झाइम मेलं म्हणण्याआधी युनिटांचा हिशेब मांडा

प्रोटीन शुद्ध केल्यावर एसडीएस जेलवर एकच ठसठशीत बँड आणि ॲक्टिव्हिटी मात्र लायसेटच्या (फोडलेल्या पेशींच्या रसाच्या) पावपट, इथे नवी मुलं हमखास खचतात. थोडं थांबा. एसडीएसने उलगडलेलं प्रोटीन कॉलममधून उतरताना काम करत होतं का, हे जेल सांगूच शकत नाही. ते सांगतो हिशेब. लायसेट, फ्लो-थ्रू (कॉलमला न चिकटता निघून गेलेलं), प्रत्येक वॉश (धुऊन निघालेलं), प्रत्येक फ्रॅक्शन (कॉलममधून उतरवून गोळा केलेला भाग) यांतला थोडा भाग राखायचा आणि त्याच दिवशी एकूण युनिट (एन्झाइमच्या कामाचं माप), एकूण मिलिग्रॅम आणि युनिट प्रति मिलिग्रॅम लिहायचे. हा तक्ता नसेल तर कॉलम चालवूच नका.

ई. कोलाय जिवाणूचं, हिस-टॅग (निकेलला चिकटणारी हिस्टिडिनची शेपटी) लावलेलं अल्कलाइन फॉस्फेटेज घेऊ. समजा, ट्रिस बफरमध्ये केलेल्या लायसेटमध्ये १००० युनिट होते. निकेल कॉलमनंतर फ्लो-थ्रूमध्ये ५०, वॉशमध्ये ३० आणि एल्युशनमध्ये (कॉलमवरून सोडवून उतरवलेल्यात) २५० मिळाले. ६७० कुठे गेले? ‘डिनेचर झालं’ हे उत्तर घाईचं आहे. एल्युशन बफर कशाचा आहे ते आधी बघा: ५० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, ३०० मिलिमोलर मीठ, २५० मिलिमोलर इमिडॅझोल (हेच प्रोटीनला निकेलवरून सोडवतं). फॉस्फेट हे या एन्झाइमच्या क्रियेतून तयार होणारं उत्पादन आणि तेच त्याचं इनहिबिटर, म्हणजे वेग दाबणारं. फ्रॅक्शनचे २० मायक्रोलिटर १ मिलिलिटर ॲसेत (ॲक्टिव्हिटी मोजायच्या मिश्रणात) टाकले की त्यासोबत १ मिलिमोलर फॉस्फेटही जातं. एन्झाइम शाबूत असतं, पण दबलेलं असतं.

तपासायला दोन क्युव्हेट पुरतात. दोन्हींत २० मायक्रोलिटर लायसेट घाला. एकीत २० मायक्रोलिटर पाणी, दुसरीत तेवढाच एल्युशन बफर, बाकी सगळं सारखं. दुसरीतला वेग पहिलीच्या ३५ टक्के आला, तर एल्युशनमधले खरे युनिट २५० भागिले ०.३५, म्हणजे सुमारे ७१४. फ्लो-थ्रू आणि वॉशचे ८० धरून हिशेब जवळजवळ ८०० वर गेला. हे गणित उलटही फसवतं: तीव्र ट्रिस फॉस्फेट स्वीकारून या एन्झाइमचा वेग वाढवतं, म्हणून लायसेट आणि फ्रॅक्शन वेगळ्या बफरमध्ये मोजले तर उत्पन्न १०० टक्क्यांवरही दिसेल.

पुढे लायसेट आणि एल्युशन बफरचं मिश्रण तासभर बर्फावर ठेवून पुन्हा मोजा. वेग लगेच घटला आणि तिथेच स्थिरावला, तर तो ॲसेतला अडथळा. हळूहळू घटत राहिला, तर खरं नुकसान चालू आहे. हे झिंकवर चालणारं एन्झाइम आहे, त्यामुळे ईडीटीए (धातूचे आयन पकडणारं रसायन) सवयीने घालू नका. ते झिंक तर ओढतंच, शिवाय कॉलमवरचं निकेलही उतरवतं. डीटीटी या रिड्यूसिंग रसायनाचंही तसंच: कॉलम तपकिरी पडतो आणि या प्रोटीनला लागणारे डायसल्फाइड बंध तुटतात.

आता उपाय. बफर सरळ ट्रिसचा करा, किंवा एल्युशननंतर लगेच पीडी-१० या बफर बदलायच्या छोट्या कॉलमवर बदला: २.५ मिलिलिटर चढवा, उतरलेलं टाकून द्या, मग ३.५ मिलिलिटर बफरने गोळा करा. इमिडॅझोल अल्कधर्मी असल्याने ते मिसळल्यावरच पीएच ८.० ला आणा. ते २८० नॅनोमीटरलाही शोषतं, म्हणून त्या फ्रॅक्शनांत प्रोटीन ब्रॅडफर्ड रंग-चाचणीने मोजा. ट्रिसचा पीएच कोल्ड रूममध्येच लावा. २५ अंशांना ८.० असलेला ४ अंशांना ८.६ च्या आसपास जातो, आणि विद्युतभारानुसार प्रोटीन वेगळं करणाऱ्या आयन एक्स्चेंजमध्ये तेवढा फरक पुरेसा आहे.

सीनियरने दिलेली ‘लॅबची नेहमीची बफर रेसिपी’ प्रश्न न विचारता वापरू नका. ती त्यांच्या प्रोटीनसाठी होती. चांगला गाईड पीकची उंची विचारण्याआधी युनिट विचारतो.

जेल फिल्ट्रेशन (आकारानुसार प्रोटीन वेगळं करणं) सोपं आहे: २४ मिलिलिटरच्या कॉलमवर अर्ध्या मिलिलिटरपेक्षा जास्त चढवू नका, आधी थंड सेंट्रिफ्यूजमध्ये १० मिनिटं फिरवा. कॉन्सन्ट्रेटर (पडद्यातून द्रव काढून प्रोटीन दाट करणारी नळी) मात्र थोडा-थोडा वेळ चालवा आणि मध्ये पिपेटने हलकं ढवळा, नाहीतर पडद्यालगत प्रोटीन दाटून खाली बसतं.

साठवताना सोडियम फॉस्फेट पुन्हा छळेल. गोठताना त्यातलं डायसोडियम मीठ आधी स्फटिक होतं आणि पीएच कोसळतो. ट्रिस, १० टक्के ग्लिसरॉल, छोट्या नळ्या, द्रव नायट्रोजन. आणि सगळा साठा गोठवण्याआधी एकच नळी गोठवून, वितळवून तिचे युनिट मोजा.