कॉम्प्रेशनची टेस्ट लावायच्या आधी इमेजेसची तयारी

नवा कोडेक (इमेज कॉम्प्रेस करणारा आणि परत उघडणारा प्रोग्राम) असो, नॉइज काढायचा फिल्टर असो नाहीतर नुसती जेपेगची क्वालिटी ठरवायची असो, बहुतेक जण आधी कोड लिहून मोकळे होतात आणि इमेजेस शेवटच्या दिवशी कुठून तरी उचलतात. माझं म्हणणं असं की उलटं करा, इमेजेसचं फोल्डर आधी पक्कं करा, कारण पुढे जो काही आकडा येणार तो त्याच्यावरच उभा राहणार.

सगळ्यात आधी प्रत्येक फाईल नक्की कुठली आहे ते बघा, नुसत्या नावावर जाऊ नका. पेपर्स (म्हणजे मिरच्या) नावाची एक टेस्ट इमेज साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सिपी या इमेजेसच्या डेटाबेसमध्ये आहे, ५१२ बाय ५१२ ची, आणि मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरबरोबर येते ती पेपर्स हा पूर्ण वेगळाच फोटो आहे, जांभळ्या कापडावर मांडलेल्या मिरच्या आणि लसूण, साइज ३८४ बाय ५१२. दोघांनी पेपर्सवर पीएसएनआर (मूळ इमेजपासून किती फरक पडला ते डेसिबलमध्ये सांगणारा आकडा, जास्त तितका चांगला) काढला म्हणजे तुलना झाली असं होत नाही. कॅमेरामन नावाच्या टेस्ट इमेजचंही तेच, सायकिट-इमेज या पायथन लायब्ररीने ०.१८ व्हर्जनपासून कॉपीराइटच्या कारणाने त्या जागी दुसरा फोटो टाकला, म्हणजे तोच कोड जुन्या आणि नव्या व्हर्जनवर चालवला तर इमेजच बदलते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून डाउनलोड झाल्या झाल्या एसएचए-२५६ चेकसम (फाईलमधल्या मजकुरावरून निघणारी, बोटाच्या ठशासारखी ओळख) काढून एका टेक्स्ट फाईलमध्ये टाका, सोबत साइज, बिट डेप्थ (पिक्सेलच्या प्रत्येक रंगाला किती बिट) आणि कुठून घेतली ते पण लिहा.

लेना ही सगळ्यात प्रसिद्ध टेस्ट इमेज घ्यायची का हा प्रश्न येतोच. १९७२ च्या नोव्हेंबरच्या प्लेबॉयमधलं पान १९७३ मध्ये स्कॅन झालं आणि पुढे कित्येक दशकं सगळे तेच वापरत बसले. ज्या बाईंचा तो फोटो आहे त्यांनीच आता हे थांबवा असं जाहीरपणे सांगितलंय, आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी (कॉम्प्युटर क्षेत्रातली संघटना) १ एप्रिल २०२४ पासून ती इमेज असलेले पेपर घेत नाही. माझ्या मते एवढं पुरेसं आहे, घेऊ नका. आणि तांत्रिक बाजूनेही तिच्यावाचून काही अडत नाही, तिच्या ग्रेस्केल आवृत्त्या इतक्या फिरतायत (कुणी ग्रीन चॅनल घेतलेला, कुणी लुमा, म्हणजे रंग सोडून फक्त उजेडाचा भाग, काढलेला, कुणी जेपेगवरून परत पीएनजी केलेली) की जुन्या पेपरमधल्या आकड्याशी आपला आकडा जुळवणं तसंही अवघडच.

मग घ्यायचं काय? कोडॅकचा सेट घ्याच, २४ फोटो, ७६८ बाय ५१२, काही आडवे काही उभे, फिल्मवरून स्कॅन केलेले, जवळपास प्रत्येक पेपरमध्ये असतात त्यामुळे तुलना सोपी जाते. त्यातला १९ नंबरचा फोटो झूम करून नीट बघा, दीपगृहाच्या पुढे पांढऱ्या फळ्यांचं कुंपण आहे, फळ्या जसजशा लांब जातात तसतशा अरुंद होत जातात आणि शेवटी एकेक फळी जेमतेम काही पिक्सेलची उरते, डीमोझेकिंग (सेन्सरच्या एकेक रंगाच्या पिक्सेलवरून पूर्ण रंग बांधणं) कच्चं असेल तर तिथेच नसलेले रंग उमटायला लागतात. बार्बरा नावाच्या टेस्ट इमेजमध्ये हेच काम कपड्यांवरच्या बारीक पट्ट्या करतात, अल्गोरिदमने डिटेल पुसलं की आधी तिथे कळतं. बबून या माकडाच्या टेस्ट इमेजमधली फर अवघड असते पण तिथली चूक डोळ्याला फारशी खुपत नाही, उलट मोकळं आकाश सोपं वाटतं आणि कमी बिटरेटला (पिक्सेलमागे थोडे बिट असले की) तिथेच पट्टे पडलेले लगेच दिसतात. दोन्ही प्रकार हवेतच.

पण फक्त कोडॅकवर थांबू नका, आणि हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय. ७६८ आणि ५१२ दोन्हीला ८, १६, ६४ ने पूर्ण भाग जातो, आणि कोडेक इमेज अशाच चौकोनी ब्लॉकमध्ये तोडतो, म्हणजे ब्लॉक अर्धवट राहिला की कोडेक कडेला काय भरतो ते या सेटमध्ये कधी तपासलंच जात नाही. ५१७ बाय ३८९ अशी वेडीवाकडी साइज टाका, एक पिक्सेल रुंदीची टाका, पारदर्शक बॅकग्राउंडची टाका. शिवाय स्क्रीनशॉट, काळ्यावर लाल बारीक अक्षरं (४:२:० या रंग कमी साठवायच्या पद्धतीने रंग अर्ध्या रेझोल्यूशनला गेला की त्यांचं काय होतं बघाच), रेघांचं ड्रॉइंग, साधा ग्रेडियंट, रात्रीचा नॉइजवाला फोटो. स्वतःचे फोटो घालणार असाल तर रॉ (कॅमेरा सेन्सरची मूळ फाईल) वरून काढलेले घ्या. फोनने जेपेग करून दिलेला फोटो पीएनजीत सेव्ह केला तरी त्यात ८ बाय ८ ची जाळी आधीच बसलेली असते, आणि मग तुम्ही कोडेक नाही तर जुन्या जेपेगची नक्कल किती जमते ते मोजत बसता. रॉ नसेलच तर निदान अर्ध्या साइजला आणून घ्या, बरीचशी जाळी निघून जाते.

मॉडेल ट्रेन केलेलं असेल तर टेस्टची एकही इमेज ट्रेनिंगमध्ये गेली नाही ना ते चेकसमने तपासा, आणि क्रॉप केलेल्या किंवा साइज बदललेल्या कॉपी चेकसमला सापडत नाहीत, त्या डोळ्यांनी शोधाव्या लागतात.

आता मोजमाप. क्वालिटी ८० विरुद्ध क्वालिटी ८० अशी तुलना करू नका, एका एन्कोडरचे (कॉम्प्रेस करणाऱ्या प्रोग्रामचे) ८० दुसऱ्याचे ८० नसतात, फाईल साइज जुळवा. कोडॅकच्या फोटोला ०.५ बिट प्रति पिक्सेल म्हणजे २४,५७६ बाइट, हे टार्गेट आधीच लिहून ठेवा. २५६ बाय २५६ च्या इमेजला ०.१ म्हणजे जेमतेम ८१९ बाइट, आणि साध्या कलर जेपेगची हेडर आणि टेबलं यातच सहाशेच्या वर जातात, त्यामुळे छोट्या इमेजवर कमी बिटरेटचा निकाल लावणं अन्यायाचं आहे. पीएसएनआर आरजीबीवर काढणार की लुमावर, आणि सरासरी पीएसएनआरची घेणार की आधी एमएसईची (पिक्सेलमधल्या फरकांच्या वर्गांची सरासरी, तिच्यावरूनच पीएसएनआर निघतो), हे रन करायच्या आधी ठरवा, नंतर ठरवलं की माणूस आपोआप सोयीचं निवडतो. सोबत एसएसआयएम (इमेजची रचना किती जुळते ते मोजणारा आकडा) असू द्या. एन्कोडरचं व्हर्जन आणि पूर्ण कमांड लॉगमध्ये हवी.

डोळ्यांनी बघायची सोय पण आधीच करा: झूम १०० टक्के, ऑपरेटिंग सिस्टमचं स्केलिंग बंद, नाइट मोड बंद, कलर प्रोफाइल दोन्ही फाईलींना एकच, आणि दोन इमेज शेजारी शेजारी न लावता एकाच जागी आलटून पालटून दाखवा, फरक पटकन कळतो.

एवढं झालं की खरा रन लावायच्या आधी एक छोटी चाचणी घ्या. एखादी ८ बिटची इमेज घ्या जिच्यात २५५ व्हॅल्यू कुठेच नाही, प्रत्येक पिक्सेलमध्ये १ मिळवा आणि मूळ इमेजशी पीएसएनआर काढा, ४८.१३ डेसिबल यायला हवा. मूळची मूळशीच तुलना केली तर अनंत. यातलं एक जरी चुकलं तर आधी स्क्रिप्ट दुरुस्त करा, रन तोपर्यंत लावू नका.