गेम जॅम: पहिल्याच रात्री गेम वेबवर चढवून पाहा

इंदुरात घरी बसून लुडम डेअरसारख्या गेम जॅममध्ये, म्हणजे ४८ तासांत नवा गेम बनवण्याच्या स्पर्धेत, उतरणार असाल, तर बाणाच्या कळांनी एक चौकोन सरकतो एवढेच जमले असले तरी, त्याच रात्री सराफ्यात खायला निघण्यापूर्वी, ते वेबसाठी एक्स्पोर्ट करून, म्हणजे ब्राउझरमध्ये चालेल अशा रूपात काढून, इच डॉट आयओ या गेम ठेवण्याच्या संकेतस्थळावर चढवावे. विंडोजवर बिनतक्रार उघडणारे गेममधले चित्र कधी कधी तिथे दिसत नाही, कारण फाइलच्या नावातले लहान-मोठे इंग्रजी अक्षर तिथे वेगळे धरले जाते. शिवाय खेळणाऱ्याने क्लिक केल्याशिवाय ब्राउझर सहसा आवाज वाजू देत नाही, म्हणून आरंभी ‘सुरू करा’ हे बटण ठेवावेच. त्यानंतर दर काही तासांनी, घरातल्या कोणाला तरी काहीही न सांगता खेळायला द्यावे आणि त्यांचा हात कुठे अडतो ते पाहावे.