माळ्यावरच्या कॉम्प्युटरला पुन्हा डायल-अप कसं जोडायचं

पुण्यात इमारत रीडेव्हलपमेंटला गेली की सगळ्यात आधी माळे रिकामे होतात. आमच्या सदाशिव पेठेतल्या माळ्यावरून तांब्याचे दोन हंडे, दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला एक पिवळट पडलेला कॉम्प्युटर खाली आला. पेंटियम थ्री, ६४ एमबी रॅम, विंडोज ९८. सोबत वहीएवढा एक मोडेम, म्हणजे कॉम्प्युटरला फोनच्या तारेवरून नंबर फिरवून इंटरनेटला जोडणारा डबा; त्या जोडणीलाच डायल-अप म्हणत. भंगारवाला काटा घेऊन दारात उभाच होता. तेवढ्यात भाचीने विचारलं, "मामा, तो मोडेमचा आवाज खरंच तसा यायचा का?" झालं, भंगारवाल्याला परत पाठवला.

या उद्योगाला दोन संध्याकाळी लागल्या. त्यात सॉफ्टवेअरचं काम अर्ध्या तासाचं होतं, उरलेला वेळ तारेने खाल्ला. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतरच्या काळात ज्यांनी घरात डायल-अप घेतलं त्यांना हे नवीन नाही. तेव्हाही कॉम्प्युटरवाला येऊन सगळं नीट लावून जायचा, आणि पहिल्या पावसानंतर लाइनमध्ये खरखर सुरू झाली की नेट बंद.

तर आधी तारेचंच बोलू.

आज घरी लँडलाइन असली तरी ती बहुधा फायबरच्या डब्यातून निघते. त्या डब्यातल्या फोनच्या भोकात मोडेमची वायर घातली तर टोन ऐकू येईल, नंबरही लागेल, पण जोडणी टिकेलच असं नाही. फायबरवर आवाजाचे बारीक तुकडे करून ते पाकिटांतून पाठवले जातात. बोलताना त्यातलं एखादं पाकीट हरवलं तर कानाला कळतही नाही. मोडेमसाठी मात्र तो आवाज म्हणजेच मजकूर. एक तुकडा गेला की त्याचं गाडं अडतं. शिवाय फोन लावणार कुणाला? पलीकडे उचलणारा मोडेमही लागतोच. म्हणून सोपा उपाय असा, की एक्स्चेंज आणि इंटरनेट कंपनी दोन्ही घरातच उभ्या करायच्या.

एक्स्चेंजसाठी दुकानात किंवा छोट्या ऑफिसात इंटरकॉमला वापरतात तो लहान ईपीएबीएक्स घ्यायचा. एक बाहेरची लाइन आणि तीन-चार एक्स्टेन्शन एवढा पुरे. आमचा जुन्या बाजारातून आणला. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. लवकर जा आणि सोबत एक साधा फोन न्या, म्हणजे तिथेच कुणाकडे प्लग मिळाला तर टोन ऐकून घेता येतो. वायर, पिना आणि रोझेट (भिंतीवरची फोनची डबी) तपकीर गल्लीत मिळतात. इंटरनेट कंपनीचं काम करायला विंडोज एक्सपीचा जुना लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर हवा, ज्यात मोडेमही आहे आणि लॅनचं, म्हणजे राउटरची वायर घालायचं भोकही आहे. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मोडेम आतच बसवलेला असायचा. म्हणजे बहुतेकांच्या नातेवाइकांत असा एक लॅपटॉप कुठेतरी धूळ खात पडलेला असतोच. फक्त मागायची तयारी हवी.

ईपीएबीएक्सची बाहेरच्या लाइनची जागा रिकामीच ठेवा. दोन एक्स्टेन्शनना आधी मोडेम न लावता दोन साधे फोन लावा. एकावरून दुसऱ्याचा नंबर फिरवा, पलीकडे कुणाला तरी उचलायला सांगा आणि दोघंही गप्प राहा. या शांततेत घूं असा आवाज येत असेल तर वायर विजेच्या वायरीच्या अंगाला गेली आहे, तिची जागा बदला. कडकड येत असेल तर पीन नीट दाबली गेलेली नाही. ही परीक्षा वगळू नका. मी वगळली, आणि पहिली अख्खी संध्याकाळ विंडोजला शिव्या देण्यात घालवली. दोष दोन रुपयांच्या पिनेचा होता.

आवाज स्वच्छ आला की फोन काढून त्यांच्या जागी दोन्ही मोडेम लावा. आणखी एक. मोडेमची पीन लॅनच्या भोकातही जाते, पण घालायची नाही. फोनची घंटा वाजताना तारेत चांगला सत्तर-ऐंशी व्होल्टचा दाब येतो आणि लॅन कार्ड त्यासाठी बनवलेलं नसतं. मोडेमला दोन भोकं असतील तर वायर 'लाइन' लिहिलेल्यात घालायची. 'फोन' लिहिलेलं शेजारी टेलिफोन ठेवण्यासाठी असतं.

आता जुना कॉम्प्युटर. वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र थेट प्लगात घालू नका. खोकं उघडा, धूळ ब्लोअरने बाहेर अंगणात उडवा (घरात उडवलीत तर घरातले तुम्हालाही अंगणात काढतील), मदरबोर्डवरची नळकांडी म्हणजे कपॅसिटर माथ्यावर फुगलेले नाहीत ना ते बघा. फुगलेले असतील तर आधी दुरुस्तीवाला, मग इंटरनेट. गोल बटणासारखा सीआर २०३२ सेल मेलेलाच असणार, तो बदला. नाहीतर प्रत्येक वेळी चालू करताना तारीख विसरलेली असेल.

मोडेम बाहेरचा असेल आणि मागच्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टला लागत असेल तर तुम्ही नशीबवान. त्याला आपली बुद्धी आपल्याच डब्यात असते, विंडोजला फार काही शिकवावं लागत नाही. आतल्या स्लॉटमध्ये बसणारी स्वस्त कार्डं मात्र निम्मं काम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरकडून करून घेतात. त्यांना नेमका त्यांचाच ड्रायव्हर लागतो, आणि त्याची सीडी घर बदलताना हरवलेली असते.

'कंट्रोल पॅनल'मध्ये 'मोडेम्स' उघडा. मोडेम दिसत नसेल तर 'अ‍ॅड' करून विंडोजला शोधू द्या. दिसला की 'डायग्नोस्टिक्स'मध्ये त्याचा पोर्ट निवडून 'मोअर इन्फो' दाबा. काही सेकंदांनी मोडेमने दिलेल्या उत्तरांची यादी आली म्हणजे कॉम्प्युटर आणि मोडेम यांचं बोलणं सुरू आहे. यादी आली नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही. केबल, मोडेमचं पॉवर अ‍ॅडॉप्टर आणि पोर्ट तपासा.

त्याच खिडकीत मोडेमच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये तीन गोष्टी करायच्या. जास्तीत जास्त वेग ११५२०० ठेवा. हा वेग तारेवरचा नव्हे, कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधला. स्पीकरचा आवाज वर करा, कारण सगळा खटाटोप त्या आवाजासाठीच आहे; पूर्वी रात्री अकरानंतर घरच्यांच्या भीतीने तो आपण शून्यावर नेत असू. आणि 'कनेक्शन'च्या पानावर 'डायल टोन येईपर्यंत थांब' अशा अर्थाची जी खूण असते ती काढून टाका. ईपीएबीएक्सचा टोन टेलिफोन खात्याच्या टोनपेक्षा वेगळा असतो, मोडेमला तो ओळखू येत नाही आणि ६८० क्रमांकाची चूक दाखवून तो हटून बसतो.

एक्सपीच्या बाजूला लॅपटॉप घरच्या राउटरला लॅनच्या वायरने जोडा. 'नेटवर्क कनेक्शन्स'मध्ये नवं कनेक्शन करायला घ्या, 'अ‍ॅडव्हान्स्ड' पर्याय निवडा आणि त्यातला 'अ‍ॅक्सेप्ट इनकमिंग कनेक्शन्स'. कुठल्या यंत्रावरून फोन घ्यायचे म्हणून विचारेल तेव्हा मोडेमवर खूण करा. व्हीपीएनला नाही म्हणा. मग कोणाला आत घ्यायचं ते विचारेल. तिथे एक नवा वापरकर्ता तयार करा आणि त्याला पासवर्ड द्याच, रिकामा पासवर्ड एक्सपी नेटवर्कवरून चालवून घेत नाही. टीसीपी-आयपी (कॉम्प्युटर नेटवर ज्या बोलीत बोलतात ती) याच्या प्रॉपर्टीजमध्ये आलेल्याला घरच्या नेटवर्कवर जाऊ देण्याची खूण असू द्या आणि पत्त्यांची छोटी रांग द्या. राउटर १९२.१६८.१.१ असेल तर १९२.१६८.१.२०० ते १९२.१६८.१.२०५ चालेल. निदान दोन पत्ते लागतातच, कारण पहिला एक्सपी स्वतःकडे ठेवतो.

मग परत विंडोज ९८. 'माय कॉम्प्युटर'मध्ये 'डायल-अप नेटवर्किंग' नावाचा फोल्डर असतो. नसेल तर 'कंट्रोल पॅनल'च्या 'अ‍ॅड-रिमूव्ह प्रोग्रॅम्स'मधून 'विंडोज सेटअप', त्यातल्या 'कम्युनिकेशन्स'मध्ये तो मिळतो. विंडोजची सीडी मागितली आणि ती नसली तर घाबरू नका; बऱ्याच कॉम्प्युटरवाल्यांनी त्या फायली सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात ऑप्शन्स, त्यात कॅब्ज या फोल्डरमध्ये आधीच उतरवून ठेवलेल्या असत. फोल्डर उघडून 'मेक न्यू कनेक्शन'वर दोनदा क्लिक करा. नाव काहीही द्या. भाचीने "मामाचं गाव" दिलं, इंग्रजी अक्षरांत. एरिया कोडची गरज नाही, नंबर म्हणजे एक्सपीला जोडलेल्या एक्स्टेन्शनचा नंबर.

तयार झालेल्या चिन्हावर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'सर्व्हर टाइप्स'. वर पीपीपी असू द्या. खाली नेटबुई आणि आयपीएक्स यांच्या खुणा काढा, फक्त टीसीपी-आयपी ठेवा. 'लॉग ऑन टू नेटवर्क'ही काढा, तो उगाच वेळ खातो. आयपी पत्ता सर्व्हरकडून घ्यायचा. साइटचं नाव सापडत नसल्याची तक्रार पुढे आली तर इथेच डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्याच्या) जागी राउटरचा पत्ता हाताने लिहायचा.

'कनेक्ट' दाबा.

आधी दोन-तीन आकड्यांचे टोन. पलीकडे घंटा. मग एक सरळ, उंच सूर, २१०० हर्ट्झचा. जुन्या एक्स्चेंजमध्ये माणसांच्या बोलण्यासाठी प्रतिध्वनी दाबणारी यंत्रं बसवलेली असत. हा सूर म्हणजे त्यांना दिलेला इशारा, की आता माणसं बोलत नाहीयेत, तुम्ही बाजूला व्हा. त्यानंतर दोन्ही मोडेम तारेची चाचपणी करतात, कोणता सूर किती शाबूत पोहोचतो ते बघतात, आणि शेवटी सगळं मिळून धबधब्यासारखी खरखर होते. ती थांबली की जोडणी झाली.

वेग ५६ हजाराचा दिसणार नाही, मोडेमवर तसं छापलेलं असलं तरी. त्या वेगासाठी इंटरनेट कंपनीची बाजू एक्स्चेंजला थेट डिजिटल जोडलेली असावी लागे. घरातल्या दोन मोडेममध्ये दोन्ही टोकं अ‍ॅनालॉग, म्हणून कमाल ३३,६००. आम्हाला ३१,२०० मिळाला आणि आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. आजच्या फोनमधला ३ एमबीचा एक फोटो या वेगाने यायला तेराएक मिनिटं धरा.

जोडणी अडली तर चुकीचा क्रमांक वाचा. ६७६ म्हणजे पलीकडची लाइन एंगेज, ६७८ म्हणजे कुणी उचलत नाही: एक्स्टेन्शनचा नंबर चुकलाय किंवा एक्सपी झोपी गेलाय. ६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. दोन्ही बरोबर असूनही तेच येत असेल तर एक्सपीवर त्या इनकमिंग कनेक्शनच्या 'युझर्स' पानावर सगळ्यांना पासवर्ड आणि डेटा सुरक्षित करायची सक्ती असते, ती खूण काढून बघा.

जोडलं, आता बघायचं काय? आजच्या बहुतेक साइट सुरक्षित जोडणीशिवाय उघडत नाहीत, आणि विंडोज ९८ च्या ब्राउझरला ती नवी कुलुपं माहीतच नाहीत. बँक, ईमेल, तिकिटं यांचा विचारही करू नका. या यंत्रावर कुठलाच खरा पासवर्ड टाकायचा नाही. साधी, बिनकुलुपाची एचटीटीपीची पानं मात्र उघडतात. पहिली म्हणून राउटरचं स्वतःचं पान उघडून बघा. मग इन्फो डॉट सर्न डॉट सीएच, म्हणजे जिथे वेब जन्माला आलं त्या सर्नमधली जगातली पहिली वेबसाइट. तिच्यात चित्रं नाहीत, त्यामुळे ती या वेगालाही झटकन येते. मराठी मजकुराऐवजी बहुधा चौकोनच दिसतील. विंडोजमध्ये देवनागरी नीट आली ती विंडोज २००० पासून. त्याआधी मराठी साइट बघायची तर तिचा फॉन्ट आधी उतरवून घ्यावा लागे, आणि एका साइटचा फॉन्ट दुसरीला चालत नसे.

काम झालं की घड्याळाशेजारच्या दोन कॉम्प्युटरच्या चित्रावर क्लिक करून 'डिसकनेक्ट' करा, मोडेममध्ये टक् असा आवाज येईल. बाहेरची लाइन जोडलेली नसल्याने आपल्याला विजेचा तितका धोका नाही, तरी एप्रिल-मेमध्ये सिंहगडाच्या बाजूने आभाळ भरून आलं की वायर काढूनच ठेवा. वळवाच्या एका कडकडाटात गेलेले मोडेम या शहरात कमी नाहीत; आमच्या आधीचा तसाच गेला होता.